वाचनालय ॲपची पुनर्रचना : फ्लॅट करायचं की नाही? (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर २०२५

वाचनालयाच्या प्रणालीचं काम आजपासून सुरू. दोन भाग आहेत: सभासदांचं मोबाइल ॲप, आणि देवघेव काउंटरवर कर्मचारी दिवसभर वापरतात ती संगणकावरची स्क्रीन. आतला डेटाबेस तोच राहणार. बदलायचं आहे ते रूप आणि वापरण्याची पद्धत.

पहिल्या बैठकीचा बराच वेळ एकाच मुद्द्यावर गेला: फ्लॅट, म्हणजे सावली, उठाव आणि पोत नसलेलं सपाट रूप, करायचं की नाही. सध्याचं ॲप जुन्या वळणाचं आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं लाकडी फळीवर मांडलेली, वरच्या पट्टीला कातड्याचा पोत आणि कडेनं शिवणीचे टाके, प्रत्येक बटण वरून उजळ आणि खालून गडद. आमचे थोरले डिझाइनर सर म्हणाले, "हे सगळं उतरवा. मजकूर, रंग आणि मोकळी जागा, एवढ्यावर काम झालं पाहिजे." ग्रंथपाल मॅडमना ते पटलं नाही. बटण बटणासारखं दिसतं म्हणून तर वयस्क सभासद ॲप वापरतात, असं त्यांचं म्हणणं. टीममधली सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, फ्लॅटचा जमाना संपला, आता काचेसारखे पारदर्शक थर करूया. फ्रंटएंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाचा कोड, सांभाळणाऱ्या मित्राची मागणी साधी: "काहीही करा, पण मला चित्रांचे तुकडे कापायला लावू नका."

माझं मत इथेच लिहून ठेवते. मला मोकळी, शांत स्क्रीन मनापासून आवडते. पण बोट कुठे ठेवायचं हे माणसाला शोधावं लागत असेल, तर ती स्क्रीन कितीही देखणी असो, मी ती पुढे जाऊ देणार नाही.

५ नोव्हेंबर

बैठकीत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं 'फ्लॅट' होतं. म्हणून टीमसाठी थोडा इतिहास लिहिला. तोच इथे ठेवते.

संगणकाची चित्रमय स्क्रीन मुळात सपाटच होती. १९८४ च्या मॅकिंटॉशवर फक्त काळा आणि पांढरा ठिपका. डिझाइनर सुझन केअर यांनी त्यासाठी केलेले आयकॉन ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकोनात बसवलेले. सावली दाखवायला तिथे करडा रंगसुद्धा नव्हता. पुढे रंग आले आणि उठाव आला. विंडोज ९५ चं राखाडी बटण आठवा: वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद, आणि दाबलं की रेघांची अदलाबदल. एवढ्याशा युक्तीनं बटण खरंच आत गेल्यासारखं वाटायचं. २००० साली ॲपलनं मॅकचं ॲक्वा हे नवं रूप दाखवलं, त्यातली बटणं ओल्या गोळीसारखी चकचकीत. आयफोन आल्यावर या हौसेला ऊत आला. नोंदवहीला पिवळा रेघांचा कागद, आयबुक्सला लाकडी कपाट, गेम सेंटरला जुगाराच्या टेबलावरचं हिरवं कापड. आमच्या ॲपमधली फळी आणि शिवण तिथूनच आलेली आहे.

याच्या उलट दिशेनं निघालेली पहिली मोठी कंपनी मायक्रोसॉफ्ट. २००६ चं झून हे गाणी ऐकायचं यंत्र, मग २०१० चं विंडोज फोन ७, मग २०१२ चं विंडोज ८: मोठी अक्षरं, ठसठशीत रंगांचे चौकोन, सावली नाही, पोत नाही. २०१३ मध्ये ॲपलचे डिझाइनप्रमुख जॉनी आइव्ह यांच्या देखरेखीखाली आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आली आणि वर्षभरात सगळीकडे तेच दिसायला लागलं. २०१४ मध्ये गूगलनं मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइनशैली मांडली. लोक त्यालाही सरसकट फ्लॅट म्हणतात, मला ते मान्य नाही. मटेरियलमध्ये पृष्ठभाग कागदासारखे एकावर एक असतात आणि कोण वर, कोण खाली हे सावलीच सांगते. म्हणजे सजावट काढली, उंची ठेवली. आमच्या वादात हा फरक सतत लागणार आहे.

सरांनी यात आणखी मागचा धागा जोडला. त्यांच्या मते फ्लॅट ही चार दिवसांची टूम नाही. १९५० च्या दशकातली स्विस शैली, जाळीवर बसवलेली मांडणी, १९५७ चा हेल्व्हेटिका टाइप, त्याआधी ओटो नॉयराथ आणि गेर्ड आर्न्ट्स यांची आयसोटाइपची, म्हणजे माहिती चित्रांतून सांगायच्या पद्धतीची, चित्रचिन्हं, हे सगळं तिचं घराणं. कमीत कमी रेघांत जास्तीत जास्त सांगायचं ही ती परंपरा. हे खरं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. पण मी त्यांना एक विचारलं: "सर, ती सगळी छापील कामं. पोस्टर माणूस लांबून वाचतो, त्यावर बोट ठेवून काही घडावं अशी त्याची अपेक्षा नसते. स्क्रीनवर वाचायच्या गोष्टी आणि दाबायच्या गोष्टी शेजारीशेजारी असतात. तो फरक दाखवायची सोय छापील परंपरेत कुठे आहे?" ते म्हणाले, "रंगात आणि जागेत आहे. करून दाखवतो." ठरलं. पहिला प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीचा नमुना, पूर्ण फ्लॅट, सरांच्या हातचा.

१० नोव्हेंबर

फ्रंटएंडवाल्या मित्रानं जुन्या ॲपचा चित्रांचा फोल्डर उघडून दाखवला. एकेका बटणाचे तीन तुकडे: डावी कड, उजवी कड, मधला ताणायचा भाग. त्या प्रत्येकाचे साधं, दाबलेलं आणि निष्क्रिय असे वेगळे अवतार. २०१० च्या आयफोन ४ पासून दाट ठिपक्यांच्या स्क्रीन आल्या, तेव्हा त्या सगळ्यांच्या दुप्पट आकाराच्या प्रती. रंग बदलायचा म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

फ्लॅटची चर्चा नेहमी सौंदर्याच्या अंगानं होते, पण ती इतक्या झपाट्यानं पसरली त्यात या कटकटीचा वाटा मोठा आहे. त्याच सुमारास एकच पान फोनपासून मोठ्या मॉनिटरपर्यंत सगळ्या रुंदींत बसवायची पद्धत रुळत होती, आणि पोताची चित्रं ताणली की फाटतात. सपाट रंगाचा आयत कितीही ताणा, काही बिघडत नाही.

मात्र हा युक्तिवाद आज अर्धाच उरला आहे. गोल कोपरा, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा), सावली हे सगळं आता सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, एकेका ओळीत होतं. मित्रानंच कबूल केलं: "सावलीचा मला काही त्रास नाही. लाकूड आणि कातडं तेवढं नको." काचेच्या धूसर थरांना मात्र त्याचा विरोध आहे. मागचं सगळं सतत धूसर करून दाखवायला स्वस्तातल्या फोनचा दम निघतो.

१२ नोव्हेंबर

देवघेव काउंटरवर जाऊन बसले. ही स्क्रीन ज्या ताई वापरतात त्यांच्याकडे बघत राहिलं की कळतं, सभासदाचं ॲप आणि हे काम यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

त्यांचा उजवा हात बारकोड स्कॅनरवर, डावा कीबोर्डवर. पुस्तक स्कॅन, टॅब, सभासद क्रमांक, एंटर. माउसला हात लागतच नाही. नजर स्क्रीनवर अर्धवट, बाकी समोरच्या माणसाकडे. जुन्या स्क्रीनवर ज्या खान्यात कर्सर आहे ते आत खोल गेलेलं दिसतं, भोवती गडद रेघ येते, आणि त्यांची नजर फक्त तेवढंच टिपते. सरांच्या कच्च्या आराखड्याची छापील प्रत दाखवली. पांढऱ्या पानावर पांढरी खानी, खाली एकेक बारीक रेघ.

"दिसायला छान आहे," ताई म्हणाल्या, "पण यात मी कुठे आहे?"

दुसरी अडचण मोकळ्या जागेची. जुन्या स्क्रीनवर सभासदाकडची सगळी पुस्तकं, दंड, आरक्षणं एका नजरेत मावतात. नव्या आराखड्यात श्वास घ्यायला जागा भरपूर, त्यामुळे निम्मी यादी खाली ढकलली गेली. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाला ती जागा नको असते. त्याला यादी हवी असते.

१७ नोव्हेंबर

पूर्ण फ्लॅट प्रोटोटाइपची सभासदांबरोबर पहिली चाचणी. एक प्रसंग जसाच्या तसा लिहिते.

घरी नेलेल्या पुस्तकाचं कार्ड असं होतं: डावीकडे मुखपृष्ठ, उजवीकडे नाव आणि लेखक, त्याखाली परत करायची तारीख. तारखेशेजारी हिरव्या गोल पट्टीत पांढऱ्या अक्षरांत 'वेळेत'. कार्डाच्या तळाशी निळ्या अक्षरांत 'मुदत वाढवा', भोवती काही नाही. एका आजोबांना सांगितलं, या पुस्तकाची मुदत वाढवून दाखवा. त्यांचं बोट सरळ 'वेळेत'वर गेलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, या वेळी जरा जोरात आणि जास्त वेळ. मग त्यांनी मुखपृष्ठावर टॅप केलं, पुस्तकाचं पान उघडलं, तिथे खालपर्यंत जाऊन आले, परत मागे आले. 'मुदत वाढवा' त्यांच्या अंगठ्याखाली होतं. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मला मथळा वाटला."

बघा, स्क्रीनवर सगळ्यांत जास्त बटणासारखं दिसणारी गोष्ट नुसतं लेबल होती, आणि खरं बटण मजकुरासारखं दिसत होतं. आजोबांनी स्क्रीन अगदी बरोबर वाचली. स्क्रीननं त्यांना चुकीचं सांगितलं.

हा वयाचा प्रश्न आहे असं सर म्हणतील हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढची चाचणी एका कॉलेजच्या मुलीची मुद्दाम त्यांच्यासमोर घेतली. तिनं मुदतवाढ लगेच केली. निळी अक्षरं म्हणजे दाबायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण आरक्षणाच्या पानावर ती अडली. 'आरक्षण रद्द करा' राखाडी अक्षरांत, राखाडी बारीक चौकटीत होतं. "हे बंद आहे ना?" तिनं विचारलं. ते चालू होतं. सरांनी त्याला दुय्यम म्हणून फिकं केलं होतं, तिनं ते निष्क्रिय म्हणून वाचलं. फ्लॅटमध्ये फिकेपणा हा एकच आवाज दोन कामांना वापरावा लागतो आणि मग असा गोंधळ होतो.

१९ नोव्हेंबर

कालपासून टीममध्ये नीलसन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासावरून खडाजंगी. ग्रंथपाल मॅडमनीच तो शोधून आणला. त्यात खऱ्या वेबसाइटची नऊ पानं घेऊन प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या केल्या होत्या: एकीत बटणं आणि दुवे ठळक, दुसरीत तेच घटक कमजोर किंवा सपाट. ७१ जणांच्या नजरेचा माग घेतला. कमजोर खुणांच्या पानांवर लोकांना हवी ती जागा सापडायला सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला आणि नजर २५ टक्के जास्त ठिकाणी थांबली.

मॅडमच्या मते विषय संपला. सरांनी मात्र अहवाल नीट वाचून हरकती घेतल्या, आणि त्या वजनदार आहेत. पहिली: तुलना फ्लॅट आणि उठावदार अशी नव्हती. तुलना स्पष्ट खूण आणि अस्पष्ट खूण अशी होती. सपाट बटणालाही भरीव रंग आणि योग्य जागा दिली तर त्याची खूण स्पष्ट असू शकते. दुसरी: पानावर गर्दी कमी असेल, मांडणी ओळखीची असेल आणि महत्त्वाचा घटक आजूबाजूपासून सुटा असेल, तर कमजोर खुणांचा फटका कमी बसतो, हे त्या संशोधकांनीच लिहिलं आहे.

मला दोघांचंही पटतं, आणि यात मधला मार्ग काढून कुणाला खूश करण्याचा प्रश्न नाही. अभ्यास नेमका तेच सांगतो जे आमच्या आजोबांनी दाखवलं. सावली गेली म्हणून नुकसान होत नाही. सावली जे काम करत होती ते दुसऱ्या कुणाला सोपवलं नाही म्हणून होतं. विंडोज ८ मध्ये हेच झालं होतं. कोपऱ्यात लपलेल्या क्रिया, सपाट पानांवर काय नुसती माहिती आहे आणि काय दाबायचं आहे याचा पत्ता नाही. २०१३ च्या ८.१ मध्ये टास्कबारवरचं स्टार्ट बटण परत आणावं लागलं.

आणि "लोक आता शिकले आहेत" हा जो नेहमीचा दावा आहे, त्यावरून डॉन नॉर्मन आणि ब्रूस टोग्नाझिनी या वापरसुलभतेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये ॲपलच्या डिझाइनवर केलेली कडक टीका आठवते. दोघेही एकेकाळी ॲपलमध्येच काम केलेले. दिसण्याच्या हट्टापायी काय करता येईल हे दाखवणंच सोडून दिलं, असा त्यांचा रोख होता. काही जण शिकतात, हे खरं. पण वाचनालयाचं ॲप महिन्यातून एखाद्या वेळी उघडणारा माणूस काय आणि कधी शिकणार?

२१ नोव्हेंबर

रंग मोजले. सरांच्या आराखड्यातला राखाडी ९९९९९९ (हा रंगाचा सहा अंकी कोड). पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, २.८५:१ भरतो. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. ७६७६७६ घेतला की ४.५४:१, म्हणजे जेमतेम पास. चौकटी आणि आयकॉनसाठी २०१८ च्या २.१ आवृत्तीनं ३:१ ची अट घातली, तिथे ९४९४९४ चालतो. सगळा राखाडी याच दोन आकड्यांच्या आधारानं ठरवणार.

२५ नोव्हेंबर

फॉर्ममधल्या खान्यांवर काम. हा भाग बारीक आहे, पण फ्लॅटवरच्या वादाचा सगळा अर्क यात आहे.

मटेरियल डिझाइनच्या सुरुवातीच्या आवृत्तीत खानं म्हणजे फक्त एक आडवी रेघ होती. दिसायला सुरेख. पुढे गूगलनं स्वतःच संशोधन केलं तेव्हा आढळलं की ती रेघ लोकांना दोन भागांमधली विभागरेषा वाटते, ठळक दिसत नाही, आणि चारही बाजूंनी बंद असलेली चौकट लोकांना सहज ओळखू येते. मग २०१८ मध्ये त्यांनी भरीव किंवा चौकटीची खानी आणली. ज्यांनी ही शैली जगभर नेली त्यांनीच तिची एक खूण परत घेतली. मला हे फार आश्वासक वाटतं, कारण शैलीची आब राखण्यापेक्षा त्यांनी लोक कुठे अडतात ते पाहिलं.

आमच्याकडे सर्व खान्यांना चारही बाजूंनी ९४९४९४ किंवा त्याहून गडद रेघ. कर्सर आत असताना रेघ जाड आणि निळी, आणि आतला रंगही किंचित बदललेला, नुसत्या रंगावर भिस्त ठेवायची नाही. ब्राउझर स्वतःहून फोकसभोवती, म्हणजे कीबोर्डनं सध्या निवडलेल्या घटकाभोवती, जी कड काढतो ती फ्लॅटच्या नादात सर्रास काढून टाकली जाते. ती काढायची नाही, हे मी कोडमध्येही टिपून ठेवलं आहे. ताईंच्या "मी कुठे आहे?" ला हे उत्तर आहे.

बटणांच्या चौकटीबद्दल मात्र नियम तितका कडक नाही. बटणावरचा मजकूर पुरेसा ठळक असेल तर त्याभोवती रेघ असलीच पाहिजे असं डब्ल्यूसीएजी म्हणत नाही. सरांनी हे लगेच दाखवून दिलं. म्हणजे आजोबांना मथळा वाटलेलं ते निळं 'मुदत वाढवा' नियमाच्या दृष्टीनं पास होतं! यापुढे टीममध्ये "नियमात बसतं" हे वाक्य शेवटचा शब्द म्हणून कुणी वापरू नये, असं मी स्पष्ट सांगितलं.

२७ नोव्हेंबर

आज काचेचा प्रस्ताव. टीममधल्या लहान मुलीनं मन लावून काम केलं आहे. तळाची पट्टी पारदर्शक, तिच्यामागून मुखपृष्ठं धूसर सरकतात, कडेला प्रकाशाची बारीक चमक. तिचा मुद्दा: बारा वर्षं सगळी ॲप्स एकाच साच्यातली झाली, तोच पांढरा रंग, तीच गोलसर अक्षरं, त्याच एकरंगी रेघांचे आयकॉन. कंपन्यांची बोधचिन्हंसुद्धा एकमेकांची भावंडं वाटायला लागली. वाचनालयाच्या ॲपला स्वतःचा चेहरा नको का?

चेहऱ्याबद्दल ती बरोबर बोलते आहे, आणि फ्लॅटवरचा हा आक्षेप मला वापराच्या आक्षेपाइतकाच गंभीर वाटतो. लाकडी फळी काढताना आम्ही काहीतरी खरोखर गमावतो आहोत. ती फळी बघून हे पुस्तकांचं ठिकाण आहे हे कुणालाही न वाचता कळत होतं.

पण त्यावर इलाज काच नव्हे. ॲपलनं या जूनमध्ये लिक्विड ग्लास हे काचेसारखं रूप दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये आयओएस २६ मधून सगळ्यांच्या हातात दिलं. मागचा रंग बदलला की वरची अक्षरं वाचता येत नाहीत, अशी ओरड झाली. या महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या २६.१ मध्ये थर कमी पारदर्शक करायची सोय द्यावी लागली. आयओएस ७ च्या वेळीही हीच गत. बीटामधली (चाचणीच्या आवृत्तीतली) बारीक अक्षरं वाचवत नाहीत म्हणून बीटा असतानाच जाड केली, आणि २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवायचा पर्याय सेटिंगमध्ये आला. दोन्ही वेळा आधी रूप ठरलं आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये दार ठेवलं गेलं. आमच्या सभासदांपैकी कितीजण त्या दारापर्यंत पोहोचतील? मला सुरुवातीपासूनच वाचता येणारी स्क्रीन हवी आहे.

चेहऱ्यासाठी तिला वेगळं काम दिलं: मुखपृष्ठं मोठी करायची, आणि प्रत्येक विषयविभागाला एक रंग आणि एक हातानं काढलेलं चित्र. पुस्तकांचं ॲप आहे, मुखपृष्ठांहून चांगली सजावट कुठून आणणार? ते सपाट असूनही कुणासारखं दिसणार नाही.

२ डिसेंबर

निर्णय. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

वाचायचा भाग पूर्ण सपाट: पांढरी जमीन, गडद अक्षरं, सावली नाही, पोत नाही. दाबायच्या प्रत्येक गोष्टीला स्वतःची जमीन असेल. मुख्य क्रियेला भरीव निळा रंग, दुय्यम क्रियेला गडद निळी अक्षरं आणि त्याच रंगाची चौकट. बटणांमध्ये राखाडी फक्त खरोखर बंद असलेल्या बटणासाठी राखून ठेवला, आणि बटण बंद का आहे ते त्याच्याखाली एका ओळीत लिहायचं: 'दुसऱ्या सभासदाचं आरक्षण असल्यामुळे मुदत वाढवता येत नाही.' निळा रंग दाबता न येणाऱ्या कशालाही द्यायचा नाही. 'वेळेत', 'मुदत संपली' या लेबलांची गोल पट्टी काढली. त्याजागी छोटं चिन्ह आणि साधा मजकूर. गोल कोपरे ही बटणांची मिरास, लेबलांना चौकटच नाही.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बटणं ठळक करायला सगळे तयार असतात. जे बटण नाही त्याचा बटणासारखा डौल उतरवायला कुणी पटकन तयार होत नाही, कारण त्यानं पान थोडं फिकं पडतं.

४ डिसेंबर

सावलीवरून सरांशी शेवटचा वाद. मुख्य बटणाखाली दोन पिक्सेलची सावली असावी असं मला वाटत होतं. त्यांनी दोन्ही रूपं शेजारी लावली. "नीट बघ. रंग भरीव आहे, जागा सुटी आहे, अक्षर ठळक आहे. सावली यात नवीन काय सांगते?"

बराच वेळ बघितलं. काहीच सांगत नव्हती. काढली. सावली आता फक्त तिथे, जिथे एक गोष्ट खरंच दुसरीच्या वर येते: संवादचौकट, खालून वर सरकणारी यादी, आणि यादी सरकवताना तळाशी थांबून राहणारी पट्टी. तिथे ती माहिती देते, की मागचं पान अजून आहे आणि हे बंद केलं की परत दिसेल. सर म्हणाले, "मग तुझं आणि माझं भांडण होतं कुठे?" भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं होतं. पूर्ण फ्लॅट आराखडा पहिल्यांदा समोर आला नसता तर कुठली खूण नसली की काय अडतं हे आम्हाला कधीच नेमकं दिसलं नसतं.

९ डिसेंबर

दुसरी चाचणी, काही तेच लोक, काही नवे. मुदतवाढ आता कुणालाच शोधावी लागत नाही. आजोबा आले होते. बोट थेट भरीव बटणावर गेलं, तारीख बदलली, "झालं?" म्हणून माझ्याकडे बघितलं. तारीख बदलल्याचं अजून ठसठशीत कळायला हवं, टिपून घेतलं.

नवी अडचण तळाच्या पट्टीची. तिथे नुसते रेघांचे आयकॉन होते. भिंग सगळ्यांना कळलं. हृदयाचं चिन्ह कुणाला 'आवडतं' वाटलं, कुणाला 'आरक्षण', एका बाईंना 'आरोग्यविषयक पुस्तकं'. सपाट एकरंगी आयकॉनमधून तपशील निघून गेला की अर्थ अक्षरांनीच भरून काढावा लागतो. प्रत्येक आयकॉनखाली शब्द टाकले. पट्टी थोडी उंच झाली, हरकत नाही.

मुलीची विभागचित्रं सगळ्यांना फार आवडली. बालविभागाचं चित्र बघून मॅडमनी लाकडी फळीचा विषय स्वतःहून सोडला.

१२ डिसेंबर

काउंटरची स्क्रीन ताईंकडे दिली. इथे आम्ही सभासद ॲपचे रंग आणि नियम घेतले, मोकळी जागा घेतली नाही. ओळी दाट, प्रत्येक खान्याला पूर्ण चौकट, फोकसची कड तीन पिक्सेलची. दंड थकला असेल तर त्या ओळीला लाल रंगाबरोबर डावीकडे जाड पट्टी, कारण इथेही नुसत्या रंगावर भिस्त ठेवायची नाही. ताईंनी टॅब दाबत सगळीकडून एक फेरी मारली. एका ठिकाणी फोकस दंडाच्या खान्यावरून उडी मारून थेट 'जमा करा'वर जात होता. मित्राकडे दिलं आहे.

पुढचं काम गडद थीमचं. काळ्या जमिनीवर सावली दिसतच नाही, त्यामुळे वर आलेला थर दाखवायला तो थर उजळ करावा लागतो. मटेरियलनं गडद थीमसाठी १२१२१२ हा जवळपास काळा रंग सुचवला आणि थर जितका वर तितका फिकट, असा नियम केला. आमच्या संवादचौकटीला आणि तळाच्या पट्टीला तोच लावून बघायचा. भरीव निळा काळ्यावर डोळ्यांना बोचतो, त्याची फिकट छटा सर काढून देणार आहेत. त्यावरची अक्षरं मग गडद करावी लागतील. कॉन्ट्रास्ट मोजल्याशिवाय ती छटा कोडमध्ये जाणार नाही.